सामाईक दप्तर आणि लेखणीचा अधिकार

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की लढाया, तह आणि राजघराणी यांची अपेक्षा असते. आणि जिजाऊंचे जन्मस्थान ज्या जिल्ह्यात आहे, त्या बुलढाणा जिल्ह्यात ती अपेक्षा अधिकच स्वाभाविक होय. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने साधा, किंबहुना कारकुनी वाटेल असा आहे. एकच दप्तर अनेकांचे असेल, तर त्यात लिहिण्याचा अधिकार कोणाला असावा, आणि त्या अधिकाराचा दुरुपयोग झाल्यास तो उघडकीस कसा यावा, हा तो विषय. लढाईत गेलेले गाव पुढच्या लढाईत परत मिळू शकते. पण दप्तरातून गेलेले शेत परत मिळविण्यात दोन-दोन पिढ्या खर्ची पडल्याचे आपल्यांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. म्हणून ह्या कारकुनी विषयाकडे थोडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

हा प्रश्न आज एका नव्या रूपाने पुढे आला आहे. संगणकावर चालणारे मोठे कार्यक्रम एकटा माणूस लिहीत नाही; शेकडो, क्वचित हजारो माणसे मिळून ते लिहितात. त्यांचा सगळा मजकूर एका सामाईक कोठारात ठेवलेला असतो. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, याची नोंद तेथे राहते, आणि मागची कोणतीही आवृत्ती पुन्हा काढून पाहता येते. ह्या व्यवस्थेला आवृत्ती-नियंत्रण असे नाव आहे. आता असे कोठार सामाईक आहे म्हणजे त्यातील प्रत्येक फाइल कोणी वाचावी आणि कोणी लिहावी हे ठरवावे लागते. हे ठरविताना अमेरिकेतील व युरोपातील संगणकशास्त्रज्ञांना गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ज्या अडचणी आल्या, त्या आमच्या वऱ्हाडातील गावदप्तराला कित्येक शतके परिचयाच्या होत्या. दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर एकाचा अर्थ दुसऱ्याच्या उजेडात लागतो.

आरंभी तीन प्रश्न वेगळे करून ठेवले पाहिजेत. दप्तर कोणी वाचावे, हा पहिला. दप्तरात कोणी लिहावे, हा दुसरा. आणि लिहिण्यापूर्वी तेथे काय होते हे मागाहून कोणास पाहता येते, हा तिसरा. व्यवहारात ह्या तिन्हींची गल्लत होते. कुलूप घातले म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, असे सामान्यतः समजले जाते. परंतु कुलूप पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देते, तिसऱ्याचे नाही. आणि ज्याच्याजवळ किल्ली असते त्याच्यापुढे तर कुलूप मुळीच उपयोगी पडत नाही.

आता जुन्या काळाकडे वळू. मेहकर हे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. सरकाराखाली परगणे आणि परगण्यात गावे, अशी ती रचना होती. परगण्याचा प्रमुख देशमुख आणि त्याचा लेखनाधिकारी देशपांडे. गावचा प्रमुख पाटील आणि गावचा लेखनाधिकारी कुलकर्णी, ज्याला वऱ्हाडात पुढे पटवारी हे नाव रूढ झाले. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे सरदार होते तसेच सिंदखेडचे देशमुखही होते, हे आपण जाणतोच. राज्ये बदलत. निजामशाही गेली, मोगल आले, पुढे निजाम आणि भोसले यांच्यात वऱ्हाडचा वसूल वाटला गेला; पण गावात कोणते शेत कोणाचे, हे सांगणारे कागद देशमुख-देशपांडे आणि पाटील-कुलकर्णी यांच्याच हाती राहिले.

ह्या व्यवस्थेत शहाणपणाच्या गोष्टी पुष्कळ होत्या. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे असे, तर परगण्याचा देशपांड्याकडे. एकाने खोटे लिहिले तर दुसऱ्याच्या कागदाशी ताळा करून ते पकडता येई. वतनाचा किंवा शिवेचा तंटा निघाला म्हणजे गोत जमवून महजर करीत. महजरावर ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी काढीत. शेतकऱ्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बलुतेदारांची त्यांची त्यांची हत्यारे. म्हणजे लेखणी एकाच्या हातात असली, तरी त्या लेखाला साक्ष सगळ्या गावाची असे. मराठेशाहीतील लांबलचक कागद पट्ट्या चिकटवून केलेले असत; त्या पट्ट्यांच्या सांध्यावर मागील बाजूस शिक्का मारीत, म्हणजे मधली एखादी पट्टी काढून दुसरी घालू म्हटले तर शिक्का जुळत नसे. पत्राच्या शेवटी मर्यादेचा शिक्का उमटवीत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते. तिचा अर्थ असा की लेख येथे संपला, याखाली कोणी जे लिहील ते आमचे नव्हे. सांध्यावरचा शिक्का आणि अखेरचा शिक्का ह्या दोन युक्त्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

परंतु ह्या व्यवस्थेत एक मोठा दोषही होता. दप्तर गावचे असले तरी ते राहत असे कुलकर्ण्याच्या घरात, रुमालात बांधून. वतन वंशपरंपरेने बापाकडून मुलाकडे जाई, तसे दप्तरही जाई. भाऊबंदकी झाली तर दप्तराचीही वाटणी होई. कागद मोडीत लिहिलेले; ते शेतकऱ्यास वाचता येत नसत. म्हणजे जे सामाईक म्हणावयाचे, ते व्यवहारात एका घराची मालमत्ता झाले होते. लेखणी एका जातीच्या हाती आणि शेत दुसऱ्याच्या नावे, ह्या विषमतेवर महात्मा फुल्यांनी इ. स. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कठोर टीका केली आहे. त्याआधी आठ वर्षे, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे हिसकावून घेतले व जाळले. त्या दंग्यात सावकारापेक्षा त्याच्या कागदावर राग अधिक होता, ही गोष्ट बोलकी आहे. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, ज्यावर काय लिहिले हे अंगठा देताना समजत नाही, त्याच्याशी लढण्याचा अग्नीखेरीज दुसरा मार्ग त्या शेतकऱ्यांस दिसला नाही. पुढे इ. स. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे रोखे गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तरतूद केली. लेखणीवर देखरेख ठेवणारा तिसरा माणूस हवा, हे सरकारला पटावयास एवढे जाळपोळीचे प्रकरण व्हावे लागले.

इकडे वऱ्हाड इ. स. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. त्यानंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे मोजणी सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधाला नकाशा मिळाला, आणि देशमुख-देशपांड्यांचे परगण्याचे काम संपुष्टात आले; त्यांना नेमणुका मिळाल्या, पण लेखणी गेली. गावपातळीवर मात्र पाटील-पटवारी राहिले. इ. स. १९०० मध्ये वऱ्हाडच्या पाटील-पटवाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यावरून हा वंशपरंपरेचा प्रश्न किती चिवट होता हे दिसते. इ. स. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली. तोपर्यंत बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तीन तालुके होते. अकोल्याकडील खामगाव आणि जळगाव हे तालुके त्यात आले. जिल्हा बदलला, साहेब बदलला, पण शेतकऱ्याच्या शेताचा नंबर बदलला नाही. दप्तर व्यक्तीला किंवा घराला न चिकटता जागेला आणि पदाला चिकटू लागले, याचे हे लक्षण होय.

हा पालट पूर्ण व्हावयास पुढची साठ वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इ. स. १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर इ. स. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद रद्द झाले. तलाठी हा नेमलेला आणि बदली होणारा सरकारी नोकर ठरला. तो सज्जातून गेला की दप्तर मागे राहते आणि पुढचा तलाठी त्याच दप्तरात पुढची ओळ लिहितो. आज ह्यात काही विशेष वाटत नाही. परंतु दप्तराची मालकी माणसाकडून काढून पदाकडे देणे, हे आमच्या मते एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील महसुली इतिहासाचे सर्वांत मोठे काम आहे.

इ. स. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. त्यात लेखणीचा अधिकार कसा वाटून दिला आहे हे पाहण्याजोगे आहे. सातबारा आपण सगळेच ओळखतो. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची. पण सातबाऱ्याच्या मागे उभी असलेली वही म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, जे काही घडेल ते आधी फेरफारात लिहावयाचे. तलाठ्याने नोंद केली की तिची प्रत चावडीवर लावावयाची, ज्यांचे हितसंबंध आहेत त्यांना लेखी कळवावयाचे, हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची. आणि मग अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने, प्रघातानुसार मंडळ अधिकाऱ्याने, ती नोंद तपासून प्रमाणित करावयाची. प्रमाणित झाल्यावरच ती सातबाऱ्यावर चढते, आणि चढताना आपला फेरफार क्रमांक घेऊन चढते. जुने नाव खोडून टाकीत नाहीत. त्याला कंस करतात. कंसातले नाव वाचता येते आणि ते कोणत्या फेरफाराने गेले तेही शोधता येते. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा, पाहणारा सगळा गाव, आणि मागचे पुसले न जाणारे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र आली आहेत.

आता त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे काय चालले होते ते पाहू. इ. स. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली रचावयास घेतली. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करणार, म्हणून प्रत्येक फाइलीवर तिच्या मालकाचे नाव आणि परवानग्या लिहून ठेवण्याची सोय त्यांनी केली. इ. स. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत मालक आणि मालकेतर असे दोनच वर्ग होते. पुढे मधला एक वर्ग आला, तो गटाचा. तेव्हापासून आजतागायत मालक, गट आणि इतर, असे तीन वर्ग आणि प्रत्येकास वाचणे, लिहिणे, चालविणे असे तीन अधिकार, ही मांडणी टिकून आहे. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालविण्याचा एक, असे गुण धरून त्यांची बेरीज मांडतात. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, गटाने आणि इतरांनी नुसते वाचावे. ६६४ म्हणजे गटालाही लेखणी दिली. एवढ्याशा आकड्यात पाटील, गोत आणि गाव अशी तिन्ही वर्तुळे सामावलेली आहेत, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

आवृत्ती-नियंत्रणाचा आरंभही बेल प्रयोगशाळेतच झाला. इ. स. १९७२ मध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली तयार केली. तिच्यात मूळ नोंदीची फाइल सर्वांना केवळ वाचनीय असे. बदल करावयाचा तो प्रणालीच्या मार्फतच. कोणी बदल करावा त्यांची नावे त्या फाइलीतच लिहून ठेवता येत. इ. स. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिखी यांची आरसीएस आली. तिच्यात जो फाइल बदलावयास घेई त्याच्या नावे ती अडकून राही. त्याने परत ठेवीपर्यंत दुसऱ्याने हात लावावयाचा नाही. इ. स. १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये डिक ग्रून यांनी सीव्हीएस सुरू केली, आणि अनेकांनी एकाच वेळी लिहावे, मागाहून मेळ घालावा, ही पद्धत रूढ झाली. मौज अशी की सीव्हीएसमध्ये कोठार नुसते वाचावयाचे असले तरी वाचणाऱ्यास कोठारात एक तात्पुरती खुणेची फाइल ठेवावी लागे, आणि त्यासाठी त्याला लिहिण्याची परवानगी द्यावी लागे. चावडीवर कागद पाहावयास आलेल्या माणसाच्या हाती आधी दौत-लेखणी द्यावी, तसाच हा प्रकार. वेगळी व्यवस्था करून तो टाळता येई. पण पुष्कळ ठिकाणी ती केली जात नसे.

ह्या सर्व प्रणालींना एका दुखण्याने पछाडले होते, आणि ते दुखणे म्हणजे आमच्या कुलकर्ण्याच्या घरातील दप्तरच होय. युनिक्समध्ये फाइल जो निर्माण करतो तिचा मालक तो होतो. समजा, एका गटात पाच जण आहेत आणि कोठार पाचांचे आहे. पहिल्याने नवी फाइल ठेवली. ती त्याच्या नावे आणि त्याच्या स्वतःच्या गटाच्या नावे नोंदली गेली. शिवाय बहुतेक यंत्रांवर असा नियम घालून ठेवलेला असतो की नव्या फाइलीवरून गटाचा लिहिण्याचा अधिकार आपोआप काढून घ्यावा. ह्या नियमाच्या आकड्याला युमास्क म्हणतात आणि तो पुष्कळदा ०२२ असतो. परिणाम असा की दुसऱ्या दिवशी दुसरा गडी लिहावयास गेला की त्याला परवानगी नाही म्हणून उत्तर मिळते. कोठार सामाईक, आणि त्यातील एक रुमाल मात्र पहिल्याच्या घरचा. घाईच्या वेळी कोणीतरी सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकतो. काम चालू होते, पण मग कोणीही परका माणूस येऊन काहीही लिहू शकतो. एकाच घराची मक्तेदारी किंवा सगळ्यांना मोकळे रान, ह्या दोन टोकांमध्ये ही कोठारे हेलकावे खात राहिली.

यावरचा उपाय मालकी माणसाकडून काढून गटाकडे देण्याचा आहे. डिरेक्टरीवर सेट-जीआयडी नावाची एक खूण करून ठेवतात. मग तिच्यात कोणीही फाइल निर्माण केली तरी ती त्याच्या गटाची न होता डिरेक्टरीच्या गटाची होते. युमास्क ०२२ ऐवजी ०０२ केला म्हणजे गटाची लेखणी शाबूत राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी इ. स. २००५ मध्ये रचलेल्या गिट ह्या प्रणालीत तर कोठार सामाईक आहे असे आरंभीच सांगून ठेवण्याची सोय आहे. ते सांगितले की ह्या दोन्ही गोष्टी गिट स्वतः सांभाळते. माणूस गट सोडून गेला तरी त्याने ठेवलेले मागे राहते आणि पुढच्यास त्यावर काम करता येते. तलाठी बदलला तरी सज्जाचे दप्तर सज्जातच राहते, त्याचेच हे रूप होय.

पुढे आणखी एक पाऊल पडले. कोठारातील फाइलींना कोणी थेट हातच लावू नये. सर्वांनी एका दारवानाकडे मागणी करावी आणि दारवानाने यादी पाहून आत सोडावे. इ. स. २००९ मध्ये सीताराम चामर्ती यांनी लिहिलेले गिटोलाइट हे अशा प्रकारचे साधन. त्यात कोणत्या शाखेत कोणी लिहावे, आणि झालेला इतिहास मागे फिरविण्याची मुभा कोणास असावी, इतके बारकावे वेगवेगळे नेमून देता येतात. आज मोठ्या कामांत बहुधा असा रिवाज आहे की लिहिणाऱ्याने आपला बदल मांडावयाचा आणि दुसऱ्याने तो तपासून मुख्य शाखेत घ्यावयाचा. फेरफार तलाठ्याने लिहावा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावा, ह्या आमच्या रिवाजाशी त्याचे साम्य उघड आहे.

एवढे सगळे केल्यावर दप्तर सुरक्षित झाले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर इ. स. २००३ च्या नोव्हेंबरातील एका प्रकरणाने दिले आहे. लिनक्स ह्या प्रणालीचे मूळ कोठार त्या वेळी बिटकीपर नावाच्या साधनात होते, आणि ज्यांना ते साधन नको त्यांच्यासाठी त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवलेली होती. कोणा अज्ञात माणसाने त्या प्रतीच्या यंत्रात शिरून एका फाइलीत दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहता त्या एखाद्या साध्या तपासणीच्या वाटत होत्या. पण त्यांत जेथे तुलनेची दोन बरोबरचिन्हे हवी होती तेथे एकच होते. आणि त्या एका चिन्हाच्या फरकामुळे, ज्याला ही खुबी ठाऊक असेल तो कोणीही संपूर्ण यंत्राचा धनी होऊ शकला असता. लिनक्स जगातील असंख्य यंत्रांवर चालते, हे लक्षात घेतले म्हणजे संकट केवढे होते ते कळते. परवानग्यांचा कोट येथे फुटला होता. तरीही ती लबाडी लवकरच पकडली गेली. कारण, प्रतीतील प्रत्येक बदलापाशी मूळ कोठारातील मंजुरीचा धागा असे, आणि ह्या दोन ओळींपाशी तो नव्हता. आमच्या भाषेत सांगावयाचे तर सातबाऱ्यावर नोंद होती, पण तिला फेरफार क्रमांक नव्हता.

ह्या प्रकरणाचा धडा आमच्या विवेचनाचा गाभा आहे. परवानगी ही कुलपासारखी आहे. ती हवीच, पण ती आज ना उद्या फुटते, आणि जो यंत्राचा मुख्य व्यवस्थापक असतो त्याला ती मुळीच अडवीत नाही. शेवटचे रक्षण करते ते माग राखणारे दप्तर आणि त्या दप्तराच्या अनेकांकडे असलेल्या प्रती. गिटमध्ये हे तत्त्व मुळातच गोवलेले आहे. तेथे प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक मुद्रा असते, आणि त्या मजकुरात आधीच्या नोंदीची मुद्राही असते. मधली एक नोंद बदलली की तिच्यापुढच्या सगळ्या मुद्रा बिघडतात. पट्ट्यांच्या सांध्यावर शिक्का मारणाऱ्या जुन्या कारकुनास ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती. शिवाय जो जो कोठाराची प्रत घेतो त्याच्याकडे सामान्यतः सगळा इतिहास येतो. म्हणून एका ठिकाणी बदललेले दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहता येते, जसा कुलकर्ण्याचा हिशेब देशपांड्याच्या हिशेबाशी ताडून पाहत.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरविले गेले, ई-फेरफार प्रणाली आली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सही तलाठ्याची वेगळी आणि मंडळ अधिकाऱ्याची वेगळी; म्हणजे जुनी विभागणी नव्या यंत्रातही राखली गेली आहे. परंतु हाताचे अक्षर यंत्रात उतरविताना पुष्कळ चुका झाल्या. कोठे क्षेत्र कमी-जास्त झाले, कोठे नाव गळले. त्या शोधण्यासाठी इ. स. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. यंत्रयुगात चावडीवर बसून सातबारे मोठ्याने वाचावे लागले, यात कोणी हसण्यासारखे काही मानू नये. ज्याची जमीन त्यानेच नोंद ऐकावी, ही तपासणी कोणत्याही यंत्राला करता येत नाही. लेखनातील प्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. पण त्याचा वापर करतानाही दुरुस्तीचा माग राहिला पाहिजे, नाहीतर दुरुस्तीच्या दारातून लबाडी आत येते.

ह्यात खरोखर काय पणाला लागलेले आहे, ते तेरा तालुक्यांतील कोणताही शेतकरी सांगेल. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. मेहकर-सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग गेला, पूर्णेवर जिगावचे धरण बांधावयास घेतले. तेथे मोबदला मिळतो तो नोंदीतील नावाला. कायद्याप्रमाणे नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंद खोटी ठरविण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो, आणि तो भार त्याला पेलतो तो केवळ मागच्या कागदांच्या बळावर. जुना फेरफार सापडला तर तो उभा राहू शकतो. सापडला नाही तर त्याच्या बाजूने बोलावयास गावातल्या म्हाताऱ्यांखेरीज कोणी उरत नाही.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. माग राखणारे दप्तर जे लिहिले गेले त्याचे रक्षण करते. जे लिहिलेच गेले नाही त्याचे नाही. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर कितीही चोख मुद्रा आणि परवानग्या असल्या तरी तिचे नाव त्यातून निघणार नाही. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून पत्नीचे नाव उताऱ्यावर लावावे असे शेतकऱ्यांस सांगितले, ते ह्याच उणिवेवर बोट ठेवून. इ. स. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तो हक्क दप्तरात उतरविण्यासाठी मात्र कोणीतरी वारसाची खरी यादी द्यावी लागते. लेखणीचा अधिकार कोणाला, ह्या प्रश्नाच्या मागोमाग कोणाचे म्हणणे लेखणीपर्यंत पोचते, हा प्रश्न येतोच.

तेव्हा आमचे श्रोत्यांस सांगणे दोन प्रकारचे आहे. जे तरुण संगणकाच्या कामात आहेत, त्यांनी आपल्या सामाईक कोठारात मालकी गटाकडे ठेवावी, सर्वांना सर्व परवानग्या देण्याचा आळशी उपाय करू नये, आणि झालेला इतिहास पुसण्याची मुभा शक्य तो कोणासही देऊ नये, स्वतःसही नाही. आणि जे शेतीवाडीचे धनी आहेत, त्यांनी वर्षातून एकदा सातबारा काढून वाचावा; त्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा मागून घेऊन तो घरातील सर्वांना, बायकामुलांसह, वाचून दाखवावा. ज्या नोंदीचा फेरफार सापडत नाही, तिची विचारणा त्याच आठवड्यात तहसीलीत लेखी करावी आणि पोच घ्यावी.